सासवडच्या तळावरची बादली

"बाबा, वारीला आलाय का चोरीला?"

हे वाक्य माझं. सासवडच्या तळावर, पहाटे साडेतीनला, पाण्याच्या टँकरपाशी, सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाला मी ते ऐकवलं. यमक जुळलं म्हणून त्या क्षणी जरा बरंही वाटलं, हे लपवत नाही.

त्याआधीचे चार दिवस मी अगदी गुणी बाळासारखा वागलो होतो. घरी माझ्या रागाची ख्याती आहे. मुलगी लहान असताना मी दारात चपला कशा काढतो त्या आवाजावरून ठरवायची, आज बाबांकडे काही मागायचं की नाही. निघताना बायको एवढंच म्हणाली, "तिथे कुणावर ओरडू नका म्हणजे मिळवली." आणि आळंदी ते पुणे मी खरंच कुणावर ओरडलो नाही. जो तो माउली म्हणतोय, वाकून पायाला हात लावतोय, कुणी चहा आणून देतोय, कुणी केळं. मला वाटलं, गेला राग. आता कळतं, त्या चार दिवसांत माझ्या आडवं कुणी आलंच नव्हतं.

मग एकादशी आली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून प्रस्थान झालं की पुण्यातला मुक्काम आटोपून माउलींची पालखी एकादशीला सासवडकडे निघते. वारीतला हा सगळ्यात लांब टप्पा, तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवेघाट, आणि पोटात उपास. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, लोक वरून फोटो काढतात, हिरव्या डोंगरात पांढरी रेघ दिसते. त्या रेघेतला एक ठिपका मी होतो आणि माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता. रात्री राहुटीत पोचलो तेव्हा बावीस जणांत माझ्या वाट्याला दीड हात जागा होती. शेजारी नाना. आमच्या दिंडीत सगळे त्यांना नानाच म्हणत. ते रात्रभर खोकत होते.

तर पहाटे बादली घेऊन रांगेत उभा राहिलो. पाऊण तासाने नंबर लागला, बादली भरली, ती बाजूला ठेवून साबण आणायला राहुटीत गेलो आणि परत येतो तर बादली गायब. दहा पावलांवर नाना अंगावर पाणी घेत होते. कडीला मी ओळखीसाठी बांधलेली लाल चिंधी बॅटरीच्या उजेडात लख्ख दिसली. मग ते वाक्य.

नानांनी तांब्या खाली ठेवला. अंगावरून पाणी निथळत होतं. "चुकलं, माउली," म्हणाले आणि तसेच ओलेते माझ्या पायाशी वाकले. मी एक पाऊल मागे सरकलो. त्यांचा हात चिखलावर टेकला. रांगेतली माणसं बघत होती. मला लाज वाटली नाही, उलट आणखी राग आला. हा माणूस चोरी करून वर मलाच उघडा पाडतोय, असं वाटलं.

(जाता जाता एक सांगतो. वारीत सगळे संत असतात हे वारीला न गेलेल्यांचं मत आहे. वारीत भांडणं होतात, जागेवरून होतात, पाण्यावरून होतात, दिंडीत पुढे कोण चालणार यावरून होतात. आणि पाया पडणं ही कधीकधी विषय मिटवायची पळवाटही असते. पण नानांचं तसं होतं, असं मी आज म्हणणार नाही.)

सासवडहून जेजुरी, जेजुरीहून वाल्हे. तोंडाने 'ज्ञानोबा माउली तुकाराम' चाललेलं, पावलं टाळाच्या ठेक्यावर पडतायत आणि डोक्यात बादली. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला, माणसं पिवळीधमक झाली. मी त्यातच होतो, पण त्या वेळी मनातल्या मनात नानांना उत्तर देत होतो. वाल्ह्यापर्यंत त्या भांडणाच्या पाच-सहा आवृत्त्या तयार झाल्या होत्या. एकीत मी फार शांतपणे बोलतो आणि नाना खजील होतात. एकीत रांगेतले लोक माझ्या बाजूने उभे राहतात. प्रत्येक आवृत्तीत मी थोडा अधिक चांगला होत गेलो होतो. शेजारून चालणारी एक मावशी डोक्यावर तुळस घेऊन, एकही शब्द न चुकवता अभंग म्हणत होती. मला ध्रुपद सुद्धा धड धरता येईना.

कारणं मात्र माझ्याकडे चोख होती. उपास होता. घाट होता. टाचेला फोड होता. झोप नव्हती, आणि नव्हती ती नानांच्याच खोकल्यामुळे. यातली कुठलीही गोष्ट खोटी नव्हती, म्हणून तर त्यांचा एवढा आधार वाटत होता.

मग गंमत झाली. ही कारणं एकेक करून वाटेतच गळत गेली.

नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात येते. तिथे मीही पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसलो. लोणंदला सेवेला आलेल्या एका डॉक्टर मुलीने फोड साफ करून पट्टी बांधली, तिच्याबरोबरच्या पोरांनी पोटऱ्यांना तेल लावून दिलं. एका घरातल्या आजींनी आम्हा चौघांना पुरणपोळी वाढली आणि ओसरीवर सतरंजी टाकून दिली. रात्री मी आठ तास झोपलो. खोकला नाही, चिखल नाही. सकाळी उठलो तेव्हा अंग पिसासारखं हलकं झालेलं, वर आभाळ भरून आलेलं, गार वारा.

लोणंद ते तरडगाव टप्पा लहान. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथे पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेने अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसरा रिकाम्या पाठीचा, माउलींचा. हे बघण्यासाठी मी तासभर आधी जागा धरून उभा होतो. अश्व येतायत अशी हाकाटी झाली आणि कुठूनसा एक विशीतला मुलगा माझ्या काखेखालून पुढे घुसला, हात उंच करून त्याने मोबाइल धरला. मला माउलींचा अश्व दिसला तो त्याच्या मोबाइलच्या काचेत, बोटाएवढा.

मी त्याची कॉलर धरली. नुसती धरली नाही, मागे खेचली. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो घाबरून "सॉरी काका, सॉरी" म्हणत गर्दीत शिरला. आजूबाजूची माणसं अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली होती. उभा होतो तो मी एकटाच, मुठी आवळून.

आणि तिथे मला कारण सापडेना. पोट भरलेलं होतं. झोप झालेली होती. टाच दुखत नव्हती, ऊन नव्हतं, नाना आसपास नव्हते. अक्षरशः शोधत राहिलो, खिशात हरवलेली किल्ली चाचपावी तसा. पोरगं मधे घुसलं ही त्याची चूक होती, पण गर्दीत पोरं घुसतातच. त्याच्या मागेच एक आजोबा उभे होते. त्यांचंही काही दिसायचं राहिलं असणार. त्यांनी नुसतं डोकं जरा डावीकडे कलतं केलं होतं. तेच पोरगं, तेवढीच अडचण. त्यांची मान कलली आणि माझा हात कॉलरवर गेला.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती होती. ही शिस्त फार जुनी. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास पालखी सोहळ्याची घडी बसवली, तिथपासून चालत आलेली. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप वर करतात आणि तो प्रचंड आवाज खटकन थांबतो. कानात दडे बसतात इतकी शांतता. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचं. मग चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात, नंतर हरवलं-सापडलं पुकारतात, आणि मग आरती.

त्या दिवशी लांबवर एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. काय तक्रार होती कळलं नाही, पण दोन-तीन मिनिटांत ते थांबले. आरती झाली, लोक पांगले. परतताना मी आमच्या विणेकऱ्यांना दुपारची हकिगत सांगायला लागलो. आजकालची पोरं, मोबाइल, वारीचा तमाशा केलाय वगैरे. त्याच्या ओघात सासवडची बादलीही निघाली. विणेकरी तसे कमी बोलणारे, अंगाने किडकिडीत. खांद्यावरचा वीणा सावरत त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माउली, आरती झाली की. तुमचे टाळ अजून वाजतायत."

एवढं बोलून ते राहुटीत शिरले. मी बाहेर ट्रकच्या फळीला टेकून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

फलटण, बरड, असं करत नातेपुत्याला पोचेपर्यंत नानांशी बोलायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. कॉलर धरायला मला एक क्षण लागला नव्हता. माफी मागायला मात्र दिवसामागून दिवस लागले. शेवटी नातेपुत्याला जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते पायाला तेल चोळत होते. मला वाटत होतं, ते म्हणतील, "कसली बादली? मी तर विसरलोसुद्धा." अशा गोष्टींत म्हातारी माणसं तसंच म्हणतात ना.

"नाना, सासवडला मी जे बोललो..."

"लागलं मला," नाना म्हणाले. तेल चोळणं थांबलं नाही. "चाळीस वर्सं वारी करतुय. चोर कुणी म्हनलं न्हवतं. नीरेपातुर भजनात मन लागलं न्हाई."

मी गप्प.

"आन बादली तुमची हाय ते मला ठावं हुतं," ते पुढे म्हणाले. "लाल चिंधी बघितली की. रांगेत हुभं ऱ्हायाला पाय धजंना, म्हून उचलली. ती चूक माजी. तिची माफी म्या मागितली तितंच."

म्हणजे मी बरोबर होतो! सहा मुक्काम ज्याची आशा धरली होती ते वाक्य मला मिळालं होतं, आणि त्याचं काही करता येईना. त्यांची चूक त्यांनी सासवडच्या चिखलातच माझ्या पायाशी ठेवली होती. माझी मी तरडगाव, फलटण, बरड अशी पडशीत घालून हिंडवत होतो, आणि वर तीही नानांचीच आहे असं सांगत होतो.

"माझी चूक झाली, नाना," मी म्हटलं. उपास, घाट, फोड यातलं काहीही जोडलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं.

"बरं," नाना म्हणाले आणि तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली. "पाटीला जरा लावा. माजा हात पोचत न्हाई."

लावलं. त्या रात्रीही ते खोकत होते आणि मला त्या रात्रीही झोप लागली नाही. चिडचिडही झाली. पण ती चिडचिड माझी आहे आणि खोकला त्यांचा, हे पहिल्यांदाच वेगवेगळं ऐकू येत होतं.

पुढचं भराभर झालं. पुरंदवड्याचं गोल रिंगण, वेळापूरचा धावा, भंडीशेगाव. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा तळाचं गावच होतं, आणि पाण्याच्या रांगांना अंत नसतो.

वाखरीच्या पहाटे माझ्या पुढे तीन जण उरले असताना एका धिप्पाड गड्याने सरळ पुढे येऊन आपली कळशी नळाखाली लावली. कान गरम झाले. मानेत, जबड्यात काय काय आवळत जातं ते मी बघितलं, यमकही जुळायला लागलं होतं.

"माउली, रांग मागून आहे," मी म्हटलं. ठरवलं होतं त्यापेक्षा आवाज चढलाच.

त्याने वळून बघितलं, कळशी अर्धी भरू दिली आणि मग बाजूला झाला. मागे नाना उभे होते, या खेपेला रांगेत. ते खोकले. मी त्यांची बादली माझ्या बादलीला लावून ठेवली आणि साबण आणायला राहुटीकडे गेलो.