टेक्सासमध्ये खासगी व्यवहारात जुनी गाडी घेतली आणि विक्रीकर भरला: माझा अनुभव

पुण्यात असताना मी शेजारच्या काकांकडून त्यांची जुनी स्कूटर घेतली होती. फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्या, आरटीओत हस्तांतराचे शुल्क भरले, काही दिवसांनी आरसी बुकावर माझे नाव चढले आणि व्यवहार पुरा झाला. रस्ता कर काकांनी स्कूटर नवी घेतानाच एकरकमी भरलेला होता, त्यामुळे मी त्यांना दिलेल्या किमतीवर सरकारला आणखी काही द्यावे लागेल, असे मनातही आले नाही. 2023 साली डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहत असताना घरात दुसऱ्या गाडीची गरज निर्माण झाली आणि मी एका निवृत्त शिक्षिकेकडून त्यांची 2014 सालची टोयोटा कॅमरी 4,800 डॉलरला घ्यायचे ठरवले, तेव्हाही माझ्या डोक्यात हाच हिशेब होता. तो इथे लागू पडत नाही, हे मला पैसे दिल्यानंतर कळले. आधी कळले असते तर पुढची बरीच धावपळ वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि राज्याचा कारभार मोठ्या प्रमाणावर विक्रीकरावर चालतो. मोटारगाडीवर हा कर 6.25 टक्के आहे, आणि गाडी डीलरकडून घेतली काय किंवा एखाद्याच्या घरासमोरून घेतली काय, तो द्यावाच लागतो. डीलर हा कर बिलातच लावतो आणि टायटलची, म्हणजे गाडीच्या मालकीच्या दाखल्याची, कागदपत्रेही स्वतःच काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कर कार्यालयात दाखल करतो. खासगी व्यवहारात मात्र हे सगळे खरेदीदाराच्या अंगावर येते, आणि गाडी ताब्यात घेतल्यापासून 30 दिवसांच्या आत ते उरकावे लागते. उशीर झाला तर करावर पहिल्या महिन्यात 5 टक्के आणि त्यानंतर 10 टक्के दंड बसतो, शिवाय टायटल उशिरा बदलल्याचा दंड वेगळा.

इथवर माहिती मिळाल्यावर मी 4,800 चे 6.25 टक्के काढले, 300 डॉलर आले, आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवली. खरा प्रश्न त्यानंतर पुढे आला. टेक्सासमध्ये खासगी व्यवहारातला कर केवळ ठरलेल्या किमतीवर लागत नाही. राज्याने प्रत्येक गाडीचे एक प्रमाण मूल्य ठरवलेले असते. मोटार वाहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा 17 अक्षरी व्हिन, म्हणजे आपल्याकडे ज्याला चासी नंबर म्हणतात तो, आणि गाडी किती मैल चालली आहे तो आकडा टाकला की हे मूल्य समोर येते. त्या मूल्याचे 80 टक्के आणि आपण दिलेली किंमत, या दोहोंपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर कर घेतात. ही पद्धत ऑक्टोबर 2006 पासून सुरू झाली. त्याआधी अनेक जण हजारो डॉलरच्या गाडीची किंमत कागदावर अगदी किरकोळ दाखवत असत, आणि त्याला आळा घालणे हा या कायद्याचा उद्देश होता.

माझ्या गाडीचे प्रमाण मूल्य आले 11,200 डॉलर. त्याचे 80 टक्के म्हणजे 8,960, आणि त्यावरचा कर 560 डॉलर. माझ्या अंदाजापेक्षा 260 डॉलर जास्त.

गाडी स्वस्त मिळाली त्याला कारण होते, आणि ते कारण संगणकाला दिसत नव्हते. त्या वसंतात आमच्या भागात गारपीट झाली होती. उत्तर टेक्सासमध्ये एप्रिल-मेमध्ये लिंबाएवढ्या गारा पडणे ही नवलाची गोष्ट नाही. बाईंची गाडी तेव्हा उघड्यावर उभी होती. बॉनेट, टप आणि डिकीचे झाकण पोच्यांनी भरून गेले होते, पुढच्या काचेला उजव्या कोपऱ्यापासून निम्म्यापर्यंत तडा गेला होता आणि एक मागचा दिवा फुटला होता. इंजिन मात्र उत्तम होते. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने ते तासभर तपासले होते. बाईंनी विम्याचा दावा केला नव्हता आणि त्या दुरुस्तीत पडू इच्छित नव्हत्या, म्हणून त्यांनी किंमत उतरवली होती. व्यवहार दोघींच्याही दृष्टीने सरळ होता. प्रमाण मूल्याचे कोष्टक मात्र गाडी सर्वसाधारण स्थितीत आहे असे धरून चालते.

या टप्प्यावर मला भरपूर सल्ले मिळाले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेले एक काका म्हणाले, ‘‘अगं, बक्षीस म्हणून दाखव, दहा डॉलरमध्ये काम होतं.’’ दहा डॉलरची सवलत खरी आहे, पण ती पती-पत्नी, आई-वडील, मुले, सख्खी भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे अशा ठरावीक नात्यांसाठीच आहे, आणि त्यासाठी देणाऱ्याने व घेणाऱ्याने शपथपत्रावर सही करायची असते. आपण ज्यांना सहज भाऊ म्हणतो ते चुलत आणि मावस भाऊदेखील त्या यादीत बसत नाहीत, काका-मामाही नाहीत. मग अनोळखी विक्रेत्याचा प्रश्नच येत नाही. नात्याबाहेरच्या माणसाने गाडी खरोखर फुकट दिली तरी कर प्रमाण मूल्याच्या हिशेबाने लागतोच. दुसऱ्या एका परिचितांनी किंमत पाचशे लिहायला सांगितले. ते निरुपयोगी तर होतेच, कारण कर त्यामुळे एका डॉलरनेही कमी झाला नसता. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की टायटलच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म 130-यू वर, खोटी माहिती देणे हा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे, असे स्पष्ट छापलेले असते. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने आपल्या सहीखाली असे काही लिहावे, हे मला कोणत्याही रकमेसाठी मान्य झाले नसते, आणि व्हिसा नसता तरी मी ते केले नसते.

कायद्यातच यावर उपाय दिलेला आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. गाडीची खरी अवस्था प्रमाण मूल्यापेक्षा वाईट असेल तर परवानाधारक डीलरकडून किंवा विम्याच्या अॅडजस्टरकडून, म्हणजे नुकसानीचा अंदाज काढणाऱ्या माणसाकडून, तिचे प्रमाणित मूल्यांकन करून घेता येते. ते फॉर्म 14-128 वर असावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्यापासून कामकाजाच्या 20 दिवसांच्या आत झालेले असावे लागते. मग कर मूल्यांकनाची रक्कम आणि प्रत्यक्ष किंमत यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर आकारतात. डीलरला या कामासाठी 100 ते 300 डॉलर घेण्याची मुभा आहे. त्यामुळे आधी कागदावर गणित मांडून पाहणे फार आवश्यक आहे: मूल्यांकनाला किमान 100 डॉलर लागणार असतील, तर प्रमाण मूल्याचे 80 टक्के आणि खरी किंमत यांत 1,600 डॉलरहून कमी अंतर असताना या वाटेला जाण्यात काहीच लाभ नाही. माझ्या बाबतीत ते अंतर 4,160 डॉलर होते.

दरम्यान मी कर कार्यालयात एक फेरी मारून आले होते आणि रिकाम्या हाताने परतले होते. खिडकीवरच्या कर्मचारी बाईंनी टायटल हातात घेतले, मागची बाजू पाहिली, मग पुढची, आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव होते. विक्रेत्या बाईंनी कर्ज पाच वर्षांपूर्वीच फेडले होते, पण बँकेचा बोजा उतरल्याचा कागद टायटलला जोडलेला नव्हता. आपल्याकडे कर्ज फिटल्यावर आरसीवरचे एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवावे लागते, अगदी तोच प्रकार. मी टायटल घेताना मागच्या बाजूची विक्रेत्याची सही, तारीख आणि मैलांचा आकडा हे सगळे दोनदा तपासले होते. पुढची बाजू मात्र नीट वाचली नव्हती. बाईंचा यात कोणताही कपटभाव नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी बँकेला फोन केला. पत्र जुन्या पत्त्यावर गेले असावे, असे सांगून बँकेने नवे पत्र टपालाने पाठवायचे कबूल केले, आणि ते हाती यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी रोज कॅलेंडरवर दोन वेगवेगळ्या मुदती मोजत होते, एक 30 दिवसांची आणि दुसरी कामकाजाच्या 20 दिवसांची.

त्याच काळात मी मूल्यांकन करून घेतले. पहिल्या तीन डीलरनी असे काम करत नसल्याचे सांगितले. चौथ्याने 125 डॉलर सांगितले आणि सकाळी लवकर यायला सांगितले. लवकर का, ते तिथे गेल्यावर समजले. वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी गाडी उन्हाला तिरकी लावली, बॉनेटच्या बाजूला वाकून डोळा जवळजवळ पत्र्याच्या पातळीवर आणला, आणि प्रत्येक पोच्याभोवती तेलकट खडूने छोटे वर्तुळ काढत गेले. डोक्यावर ऊन असले की उथळ पोचे दिसत नाहीत, असे ते म्हणाले. एकट्या बॉनेटवर 41 वर्तुळे झाली. टपावर मोजणे त्यांनी निम्म्यावर सोडले आणि टप बदलावाच लागेल असा शेरा लिहिला. काचेचा तडा टेपने मोजला, दिव्याचा फोटो घेतला, मग आत बसून मैलांचा आकडा स्वतः वाचून लिहिला. मी सांगितलेला आकडा त्यांनी घेतला नाही. फॉर्मवर 5,200 डॉलर ही रक्कम आली. मी दिलेल्या किमतीपेक्षा ती 400 ने जास्त होती, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती, कारण बाईंनी गाडी थोडी स्वस्तच दिली होती.

दुसऱ्या फेरीला मी विक्रेत्या बाईंना सोबत येण्याची विनंती केली. मोटार वाहन खातेही हाच सल्ला देते, आणि मी तो प्रत्येकाला देईन. फॉर्म 130-यू वर विक्रेत्याचीही सही लागते, त्यात विक्रीची किंमत लिहिलेली असते, आणि काही खाडाखोड निघाली तर समोर माणूस असला की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. टायटलवर खोडून लिहिलेले चालत नाही. म्हणून आम्ही दोघींनी आधी टायटलच्या झेरॉक्सवर सगळे लिहून पाहिले होते आणि मगच मूळ कागदावर पेन टेकवले होते. बाईंनी शाळेत तीस वर्षे शिकवले होते. तारीख लिहिताना त्यांचे अक्षर छापल्यासारखे होते.

तो खरेदीपासूनचा विसावा दिवस होता, कामकाजाचा पंधरावा. टायटल, बँकेचे मूळ पत्र, 130-यू, मूल्यांकनाचा फॉर्म, माझ्या नावाचा विमा आणि ओळखपत्र असे सगळे एकावर एक ठेवून मी खिडकीतून आत सरकवले. कर्मचारी बाई वेगळ्या होत्या. त्यांनी संगणकावर व्हिन टाकताच पडद्यावर 560 चा आकडा आला असावा, कारण त्यांनी मला तोच सांगितला. मी मूल्यांकनाच्या फॉर्मकडे लक्ष वेधले. त्यांनी तो उचलला, डीलरचा परवाना क्रमांक आणि तारीख पाहिली, मैलांचा आकडा टायटलवरच्या आकड्याशी पडताळला, आणि काही न बोलता नवी रक्कम काढली: 325 डॉलर. आमच्या काउंटीत टायटलचे शुल्क 33 डॉलर होते. नोंदणीची मुदत अजून चार महिने शिल्लक होती, त्यामुळे ती नावावर करण्याचे अडीच डॉलर लागले. मूल्यांकनाचे 125 धरूनही माझे 110 डॉलर वाचले होते. रक्कम मोठी नाही. परंतु जी गाडी मी घेतली होती तिच्या खऱ्या मोलावर मी कर भरला, ना खोटे लिहून कमी, ना अज्ञानाने जास्त, याचे मला त्या क्षणी मनापासून समाधान वाटले.

बाहेर आल्यावर एक काम राहिले होते, आणि ते बाईंचे होते. गाडी विकल्याची सूचना विक्रेत्याने राज्याला 30 दिवसांत द्यायची असते. ती ऑनलाइन फुकट देता येते, आणि आपल्या फॉर्म 29 प्रमाणे तिचा उपयोग विक्रेत्यालाच असतो. ती दिली नाही तर नवे टायटल होईपर्यंतचे टोल आणि पार्किंगचे दंड जुन्या मालकाच्या नावावर येऊ शकतात, आणि डॅलसच्या परिसरात टोल रस्ते पावलोपावली आहेत. बाईंना याची कल्पना नव्हती. कार्यालयाच्या वाहनतळात, त्याच कॅमरीच्या पुढच्या सीटवर बसून आम्ही त्यांच्या फोनवरून ती सूचना भरली. पुष्टीचा क्रमांक त्यांनी आपल्या छोट्या वहीत उतरवून घेतला, मग मी त्यांना घरी सोडले.

तीन आठवड्यांनी नवे टायटल टपालाने आले. मी पाकीट फोडले आणि सर्वांत आधी पुढची बाजू वाचली. बोज्याच्या रकान्यात कोणाचेही नाव नव्हते.