वणव्यानंतरची माती आणि ‘वाळवून आणा’चा हट्ट

जळालेल्या पाइनच्या जंगलात मुळांना लगेच मिळेल असं नत्र किती आहे, ते मला मोजायचं होतं. जंगलातलं काम विनासायास झालं. जास्त जळालेले, कमी जळालेले आणि न जळालेले पट्टे निवडले, राख वेगळी घेतली, खालची माती वेगळी. अडलं ते प्रयोगशाळेच्या खिडकीवर.

अर्जात एकच सोय होती: माती हवेत वाळवलेली, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेली. सामूसाठी (माती आम्ल की अल्कधर्मी, त्याचा आकडा) हे ठीक. पण माती वाळताना सूक्ष्मजीव मरतात, त्यांच्यातलं नत्र बाहेर पडतं, आणि ओल टिकेपर्यंत अमोनियमचं नायट्रेट होत राहतं (मुळांना लगेच मिळणाऱ्या नत्राची हीच दोन रूपं). वणव्यानंतर आधी अमोनियम वाढतं, नायट्रेट मागाहून. मला हवा असलेला हाच फरक वाळवण्यात बिघडतो. तोंडी सांगितलं, लेखी दिलं, वरिष्ठांना भेटले. उत्तर ठरलेलं: “ओली माती घेत नाही.” बर्फाच्या पेटीत नमुने, आणि मी बाहेर बाकावर. वर सल्ला असा, की एकूण नत्र काढून घ्या! त्यातलं बहुतेक सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं असतं, त्याचा रोपाला लगेच काय उपयोग? अर्जात ताज्या नमुन्याचा रकाना नाही म्हणून मोजणीच नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी निष्कर्षण, म्हणजे मातीतलं हे नत्र क्षाराच्या द्रावणात उतरवणं, मीच केलं. 10 ग्रॅम ताजी माती, 2 मोलर पोटॅशियम क्लोराइडचं 100 मिलिलिटर द्रावण, तासभर हलवायचं, गाळायचं, गोठवायचं. ‘द्रव नमुना’ म्हणून तेच त्यांनी निमूट घेतलं. केवढं हायसं वाटलं! मात्र प्रमाण द्रावणंही (ज्यांच्याशी ताडून नमुना मोजतात ती) याच क्षारात बनवा, असं त्यांना बजावून सांगा. गाळणकागदातही अमोनियम असतं, म्हणून मातीशिवायचा कोरा नमुना सोबत हवाच. आणि हो, त्याच मातीचा थोडा भाग 105 अंशांवर वाळवून ओल काढा, नाहीतर आकडे कोरड्या वजनावर आणता येणार नाहीत.

स्फुरदाचं राहिलंच. राखेमुळे सामू चढतो, तेव्हा आम्लधर्मी मातीची ब्रे पद्धत डोळे झाकून लावू नका. सामू अल्कधर्मी निघाला तर ओल्सन पद्धत घ्या.

जंगलात पुन्हा जाणं शक्य असेल, तर पहिल्या पावसाआधी रेझिनच्या (आयन, म्हणजे अमोनियम-नायट्रेटसारखे विद्युतभारित कण, पकडणाऱ्या पदार्थाच्या) पिशव्या मातीत पुरून ठेवा. मातीचा नमुना त्या दिवसापुरतं सांगतो, रेझिन मात्र आठवडेच्या आठवडे आयन धरून ठेवतं. शिवाय त्या पिशव्या वाळवा म्हणून कोणी अडून बसत नाही.