पानाला किती वाजता विचारलंत?

शेजारच्या काकूंच्या गच्चीवर ऑलिव्हचं झाड आहे. कुंडीतलं, माझ्या कमरेएवढं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने नर्सरीतून आणून दिलं आणि स्वतः बंगळुरूला निघून गेला. तेव्हापासून काकू त्याला मोगऱ्याच्या रांगेत ठेवून शेणखत, तांदळाचं धुवण, सगळं घालतात. झाड अंगाने छान भरलंय. फूल मात्र एक नाही.

मी पानांतून आरएनए काढायचं काम करते. सोसायटीत याचं भाषांतर 'ती झाडांची डॉक्टर आहे' असं झालंय, त्यामुळे कुणाची तुळस सुकली तरी बेल माझ्याच दाराची वाजते. काकूंचा प्रश्न तर दर संक्रांतीला ठरलेला.

"अगं, एवढं शिकलीस, ह्याला फूल का येत नाही सांग बघू."

"थंडी कमी पडते, काकू."

"कोथरूडात? परवा पहाटे दोन गोधड्या घेतल्या होत्या मी."

काकूंचंही खरंच आहे. जानेवारीत पुण्याचा पहाटेचा पारा आठ-दहावर येतो. पण त्याच दिवशी दुपारी तो तिशीकडे सरकतो, आणि ऑलिव्हला ही दुपार नडते. त्याला भूमध्य समुद्राकाठची थंडी लागते. रात्री दोन-चार अंश, दिवसा पंधरा-सोळाच्या आसपास, तीही एखाद-दोन दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे. अशी थंडी मिळाली की पानांमध्ये एफटी नावाचं जनुक कामाला लागतं. त्यापासून बनलेलं प्रथिन पानातून निघून फांदीवरच्या डोळ्यापर्यंत जातं आणि 'पालवी पुरे, आता मोहोर काढ' हा निरोप देतं. ऑलिव्हमधल्या अशा दोन एफटी जनुकांवरचं काम इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलं. थंडी लागलेल्या झाडांच्या पानांत ही जनुकं हिवाळ्यात वर चढतात, म्हणजे त्यांचं काम वाढतं, उबेत राहिलेल्या झाडांत चढत नाहीत. आणि झाड फळांनी लगडून गेलेलं असेल तर पुढच्या हिवाळ्यात थंडी मिळूनही ती फारशी चढत नाहीत.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मला रत्नागिरीकडची मामाची बाग आठवली. हापूसचंही हेच. एक वर्ष फांद्यांना टेकू द्यावे लागतात आणि पुढच्या वर्षी तेच झाड नुसतं हिरवंगार उभं राहतं. मामा त्याला 'यंदा ह्याचं वर्ष नाही' एवढंच म्हणतो, कपाळाला आठीही न घालता. ऑलिव्हवाले 'ऑन इयर' आणि 'ऑफ इयर' म्हणतात. स्पेनमधला शेतकरी असो की खाडीकाठचा मामा, दुखणं एकच.

जीन एक्स्प्रेशन, म्हणजे कुठलं जनुक कधी कामाला लागलंय ते, हे मी काकूंना पोळी-भाजी केंद्राच्या उदाहरणाने सांगितलं. आमच्या कोपऱ्यावरच्या केंद्रातल्या बाईंना दीडशे पदार्थ येत असतील. तो झाला जीनोम. पण आज काय केलंय ते बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: मटकी, भरली वांगी, मसालेभात. तो फळा म्हणजे आरएनए. ऑलिव्हचा जीनोम २०१६ मध्ये स्पेनच्या गटाने पहिल्यांदा वाचला. फार्गा जातीचं झाड, वय हजार वर्षांच्या वर, म्हणजे ज्ञानेश्वरांचा जन्म झाला तेव्हाच ते चांगलं जून झालेलं होतं. जनुकं निघाली छप्पन्न हजारांच्या वर. मुळापासून शेंड्यापर्यंत, दर पानात तीच छप्पन्न हजार. 'वर्ष असलेल्या' आणि 'वर्ष नसलेल्या' झाडातही तीच. फरक असतो तो फळ्यावर.

आणि फळा दिवसातून अनेकदा पुसून नव्याने लिहिला जातो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. कळलं ते मामाच्या बागेत.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी आणि लॅबमधली एक सहकारी, आम्ही दोघी तिथे हापूसची पानं गोळा करायला गेलो. आदल्या मे महिन्यात भरपूर धरलेली सहा झाडं आणि जेमतेम धरलेली सहा. भरपूरवाली घराजवळ होती. सकाळी नऊला सुरू केलं, पान तोडायचं, फॉइलमध्ये गुंडाळायचं, लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून तिथल्या तिथे गोठवायचं. ही सहा होईतो मामीने हाक मारली. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. त्यावर ओटीवर जरा पाठ टेकली. वरच्या घाटीतली उरलेली सहा झाडं आम्ही साडेतीनला उरकली.

पुण्यात येऊन आरएनए काढला, सिक्वेन्सिंगला, म्हणजे फळा वाचून घ्यायला पाठवला, डेटा आला. दोन गटांत शेकडो जनुकांचा फरक! आम्ही खूश. मी यादी छापून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिल्या दहा नावांवरून पेन्सिल फिरवली आणि एकच विचारलं, "पानं किती वाजता तोडलीत?"

यादीच्या अगदी वर एलएचवाय होतं, जायजँटिया होतं, टॉक-वन होतं. वनस्पतींवर काम करणारा कुणीही ही नावं ओळखतो. ही झाडाच्या आतल्या घड्याळाची जनुकं. एलएचवाय पहाटेच्या सुमाराला भरात असतं आणि दुपारपर्यंत ओसरतं, जायजँटिया दुपारनंतर चढतं, टॉक-वन संध्याकाळकडे. आमची सकाळची झाडं सकाळ सांगत होती, दुपारची झाडं दुपार. चार महिन्यांचं काम आणि सिक्वेन्सिंगचा सगळा खर्च घालून आम्ही मामीच्या जेवणाची वेळ मोजली होती.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा गेलो. वर्षाआड धरणाऱ्या झाडाची एक गंमत आहे, तेच झाड पुढच्या वर्षी उलट्या बाजूला जातं, त्यामुळे त्याची तुलना त्याच्याशीच करता येते. या वेळी आम्ही चौघं होतो, प्रत्येकाला तीन झाडं, दुपारी चार ते साडेचार, जेवण त्यानंतर. मामी दोन दिवस बोलली नाही. आणि निघता निघता मामा सहज म्हणाला, "त्या चार झाडांस्नी पावसात कल्टार घातलाय हां." कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. मुळाशी ओततात. झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनणं त्याने रोखलं जातं, आणि जिबरेलिन कमी झालं की आंबा पालवीऐवजी मोहोराकडे वळतो. कोकणात ज्याला दरवर्षी आंबा हवाय तो कल्टार घालतो, त्यात काही नवल नाही. आम्ही विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. बारातली आठ झाडं उरली.

त्या आठांचं काय झालं ते अजून छापायचंय, म्हणून इथे लिहीत नाही.

मधल्या काळात काकूंकडे बंगळुरूहून ऑलिव्ह ऑइलची बाटली येत राहिली. काकू ते केसांना लावतात, फोडणीला करडईचंच. या दोन तेलांत फरक काय, हे एकदा त्यांनी विचारलं तेव्हा मी जरा जास्तच रंगले. ऑलिव्ह तेलात साधारण तीन चतुर्थांश ओलेइक आम्ल असतं. नेहमीच्या करडईच्या तेलात तेवढंच लिनोलेइक. आणि ओलेइकचं लिनोलेइक करणारं प्रथिन एकाच घराण्यातलं, एफएडी-टू. करडईच्या बियांत ते दणकून चालतं. ऑलिव्हमध्ये त्याच्या जास्तीच्या प्रती आहेत, पण छोट्या आरएनएचे तुकडे त्यांचा आवाज दाबून ठेवतात, असं रानटी ऑलिव्हचा जीनोम वाचणाऱ्यांनी २०१७ मध्येच दाखवलं. म्हणजे लाडकं महाग तेल हे एका गप्प बसवलेल्या जनुकाचं देणं. काकू म्हणाल्या, "बरं, पण केस गळायचे थांबत नाहीत."

त्यांना वेळेचा मुद्दा मात्र न सांगताच कळला. मी मामीच्या जेवणाची गोष्ट सांगत होते, तर मध्येच म्हणाल्या, "मग बरोबर आहे की. मोगरा मी सकाळी तोडते का कधी?" मोगऱ्याच्या कळ्या त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला खुडतात, ओल्या फडक्यात बांधून ठेवतात, आठपर्यंत घरभर वास. आमच्या गेटजवळचा पारिजातक रात्री फुलून पहाटे सडा घालतो. सातला गेलं तर वॉचमनच्या झाडूखाली. ही फुलं कधी 'विचारायची' हे काकूंना चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

आणि मोगरा, जाई, जुई, पारिजातक ही सगळी ऑलिव्हच्याच कुळातली. ओलिएसी. पारिजातकाला पूर्वी सागाच्या जोडीला बसवलं होतं, नंतर इकडे आणलं. हे ऐकून काकूंनी कुंडीकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. चार वर्षं परकी म्हणून सांभाळलेली सून माहेरच्या नात्यातली निघावी, तशी.

तर या जानेवारीत काकू आणि मी, आम्ही दोघींनी ठरवलं, कुंडीतल्या ऑलिव्हच्या पानात एफटी चालू आहे का ते बघायचं. सरांना विचारून, प्रायमर (नेमकं हवं ते जनुक हुडकणारे डीएनएचे छोटे तुकडे) स्वतःच्या पैशाने मागवून. लिक्विड नायट्रोजनचा लहान डबा घेऊन मी पाषाणहून रिक्षाने निघाले. त्याचं झाकण घट्ट लावायचं नसतं, आत वायू कोंडून डबा फुटू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंचे पडदे वर बांधायला लावले आणि बारीक धूर सोडत बसले. रिक्षावाल्याने चांदणी चौकापर्यंत धीर धरला, मग म्हणाला, "ताई, ह्यात आइस्क्रीम आहे का?" मी हो म्हटलं. पौड रोडला सिग्नलवर तो मागे वळून म्हणाला, "मस्तानीला वापरतात का हे?"

साडेपाचला गच्चीवर. काकू हात धुऊन, पदर खोचून तयार. सहा पानं तोडली, काकूंनी मोठ्याने वेळ वाचली, मी लिहिली.

ऑलिव्हचं पान हा आरएनए काढणाऱ्याचा छळ आहे. वरून चामड्यासारखं, खालून चंदेरी खवल्यांचं, आत पॉलिफिनॉल, म्हणजे आरएनएला चिकटून तो नासवणारी रसायनं, ठासून भरलेली. लिक्विड नायट्रोजन ओतत खलबत्त्यात कुटायचं, वितळू न देता, पिठीसाखरेइतकं बारीक होईतो. मग पेशी फोडणारं गरम सीटॅब, त्यात पॉलिफिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी, आणि मर्कॅप्टोइथेनॉल, ज्याच्या वासाने कँटीनमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. पहिल्या खेपेला नळीत आमसुलाच्या पाण्याच्या रंगाचा चिकट ऐवज उरला. दुसऱ्या खेपेला पीव्हीपी वाढवून, लिथियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवून पांढरा ठिपका मिळाला. तेवढ्यासाठी दोन दिवस.

मग क्यूपीसीआर लावलं, म्हणजे एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी. त्यात सीटी नावाचा आकडा येतो. जितका लहान तितका माल जास्त, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दुप्पट. अ‍ॅक्टिन हे नेहमीच चालू असणारं जनुक एकविसाला आलं, म्हणजे आरएनए ठीक होता. एफटी छत्तिसाच्या पुढे, आणि जिच्यात काहीच दिसायला नको त्या नुसत्या पाण्याच्या नळीतही जवळपास तिथेच काहीतरी उमटलं होतं. म्हणजे फळ्यावर तो पदार्थ लिहिलेला नव्हता, किंवा इतका पुसट की वाचला असं म्हणायची सोय नाही. एक कुंडी, एक संध्याकाळ. यावरून कुणी काही सिद्ध करत असेल तर मी त्याची यादी छापून सरांच्या टेबलावर ठेवीन.

काकूंना सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या.

"म्हणजे निरोप निघालाच नाही."

"नाही निघाला."

"आणि रात्री दोन-चार, दिवसा पंधरा, असं म्हणालीस ना?"

"हो."

"तुमच्याकडे असं कपाट नाही का? थंडीचं?"

आहे. झाडं ठेवायचं चेंबर आहे, आत दिवे आहेत, दिवसाचं-रात्रीचं तापमान वेगळं लावता येतं. त्याचं बुकिंग भिंतीवरच्या वहीत असतं आणि केळीच्या टिश्यू कल्चरवाल्यांनी ते वर्षभर अडवून ठेवलेलं असतं. मी सोमवारी सहज वही उघडली. दिवाळीनंतरचे सात आठवडे कोरे होते. मी पेन्सिलीने माझं नाव लिहिलं, 'नमुना' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'ऑलिव्ह, एक, कोथरूड' असं लिहिलं.

संध्याकाळी काकूंना ते सांगितलं तेव्हा त्या उठल्या, शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि लिफ्टचं दार मोजायला गेल्या.