दहा एप्रिलला भरलेले पैसे चार ऑक्टोबरला जमा झाले

आमची सोसायटी डोंबिवलीतली, 36 फ्लॅटची, आणि मी तिची खजिनदार. म्हणजे एजीएमला (वार्षिक सभेला) नुसती चहा प्यायला म्हणून गेले होते, उठले तेव्हा खजिनदार होऊन उठले. हिशोब एक्सेलमध्ये ठेवते. तिमाहीचा मेंटेनन्स 9,600, एप्रिलच्या बिलाची शेवटची तारीख 10, उशीर झाला की जेवढे दिवस तेवढ्या दिवसांचं वर्षाला 18 टक्क्यांनी साधं व्याज पुढच्या बिलात. एक फॉर्म्युला वरून खाली ओढायचा की काम झालं, दोन वर्षं असंच चाललेलं, कुणाची तक्रार नाही.

जूनमध्ये लॅपटॉप इतका रखडायला लागला की दुकानात देऊन एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्या जागी वेगवान डिस्क) टाकून घेतली, विंडोज नवीन टाकून मिळालं, लॅपटॉप पळायला लागला, मी खूश. जुलैची बिलं नेहमीसारखीच काढली, बँकेच्या साइटवरून स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) उतरवली, डबल क्लिक करून उघडली, तारखांचा कॉलम उचलून माझ्या शीटमध्ये चिकटवला, पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढल्या आणि वॉचमनच्या हाती वाटायला दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका, रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले, हातात बिल. "खजिनदारबाई, हे 838 रुपये व्याज कसलं?" एरवी मला अगं-तुगं करणारा माणूस खजिनदारबाई म्हणाला तेव्हाच कळलं प्रकरण तापलंय. त्यांनी बरोबर 10 एप्रिलला पैसे भरलेले. त्या दिवशी महावीर जयंती, बँकेला सुट्टी, म्हणून मुलाच्या मागे लागून त्याच्याकडून यूपीआयने भरून घेतलेले, मोबाइलवर पावतीसुद्धा होती. मी म्हटलं काका बघते, काहीतरी गडबड झाली असेल. संध्याकाळपर्यंत असे अकरा जण झाले, सगळे वेळेत भरणारे. आणि दर वेळी उशिरा भरणारे सात जण ग्रुपवर एकदम गप्प, कारण त्यांच्या बिलात व्याज शून्य. त्या सातात एक मी. एप्रिलमध्ये गावाला गेले होते, 16 तारखेला भरले होते. आता लोकांनी काय समजायचं सांगा.

रात्री फॉर्म्युला दहा वेळा वाचला. बरोबर होता. हातावर कॅल्क्युलेटरने करून पाहिलं तर सहा दिवसांचे माझे 28 रुपये यायला हवेत, शीट म्हणतंय शून्य. फाइल बंद करून उघडली, दुसऱ्या नावाने सेव्ह केली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, जे आपण सगळे करतो ते सगळं केलं. तारखा डोळ्यांनी पाहिल्या तर काकांच्या नावासमोर 10/4/2025, माझ्या नावासमोर 16/04/2025. दोन्ही बरोबरच की!

रविवारी काका परत आले, आषाढी एकादशी होती, काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवलेली, म्हणजे राग थोडा उतरला होता. मी स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "अगं, ह्या चारच्या आधी शून्य आहे, आणि माझ्या चारच्या आधी नाहीये. एकाच बँकेच्या एकाच कागदावर दोन पद्धती कशा?"

तीस वर्षं व्हाउचर तपासलेला डोळा तो. मी दोन दिवस तेच बघत होते आणि मला ते शून्य दिसलं नव्हतं.

मग त्या कॉलमला फिल्टर लावला. फिल्टरच्या यादीत एक्सेल तारखांचे वर्ष-महिना असे गठ्ठे करून दाखवतं, त्यात 2025 च्या खाली मे, जून, जुलै करत करत ऑक्टोबर! आणि तळाशी, गठ्ठ्याबाहेर, 14/04/2025, 16/04/2025 अशा सुट्ट्या लोंबकळणाऱ्या. काका म्हणाले ऑक्टोबर अजून उजाडायचाय, माझे पैसे कसे पोचले तिथे.

झालं होतं असं. विंडोज नव्याने टाकताना रीजन, म्हणजे तारखा आणि आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ती सेटिंग, अमेरिकेचा राहिला होता. तिकडे आधी महिना, मग दिवस लिहितात. बँकेने लिहिलेलं 10/04/2025 अमेरिकन डोक्याने वाचलं की 4 ऑक्टोबर होतं, आणि दाखवतानाही ते त्याच अमेरिकन पद्धतीने 10/4/2025 असंच दाखवतं, त्यामुळे आपण वाचतो दहा एप्रिल आणि आत बसलेला असतो चार ऑक्टोबर. दहा एप्रिल ते चार ऑक्टोबर 177 दिवस, 9,600 वर 18 टक्क्यांनी 838 रुपये, अगदी चोख. पाच एप्रिलला भरलेल्यांचा झाला चार मे, त्यांना 114 रुपये. आणि 16/04 चं काय करायचं? सोळावा महिनाच नाही, म्हणून ते तारीख न होता नुसता मजकूर म्हणून पडून राहिलं. मजकुरातून दिवस वजा होत नाहीत, तिथे एरर यायला हवा होता, पण शीट सुंदर दिसावं म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी फॉर्म्युल्याला आयएफएरर गुंडाळून एरर आला तर शून्य दाखव असं सांगून ठेवलेलं. शिवाय सगळे कॉलम मी सेंटर अलाइन केलेले. तसे केले नसते तर मजकूर डावीकडे आणि खरी तारीख उजवीकडे सरकून बसली असती, बघताक्षणी कळलं असतं. आणि टोटल तर किती दिवस अमेरिकन पद्धतीने 345,600 अशी दिसत होती, 3,45,600 नाही, मला वाटलं नवीन विंडोजची फॅशन असेल!

मध्येच लेकाने ज्ञान पाजळलं की एक्सेलमध्ये तारीख म्हणजे नुसता आकडा असतो, 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, तिथून मोजत जायचं, आणि 60 नंबरला 29 फेब्रुवारी 1900 आहे जी कधी आलीच नव्हती, लोटस 1-2-3 ह्या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावं म्हणून ती चूक तशीच ठेवलीय. काका इतके खूश झाले की व्याज विसरले. "1900 लीप वर्ष नव्हतंच, चारशेने भाग जात नाही," असं तीनदा म्हणाले.

दुरुस्ती सोपी होती पण एक मेख आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन रीजन इंग्लिश इंडिया केला, तरी आधी उलटलेल्या तारखा काही सरळ झाल्या नाहीत, त्या आत चार ऑक्टोबरच राहिल्या. सीएसव्ही परत उतरवावी लागली, आणि ह्या वेळी डबल क्लिक न करता डेटा मेनूतून आत घेतली, तारखेचा कॉलम खरंच तारीख झालाय का ते बघून. बाजूला इजनंबरचा, म्हणजे आत मजकूर नसून खरंच आकडा आहे का ते सांगणाऱ्या फॉर्म्युल्याचा, एक कॉलम लावला, सगळीकडे ट्रू आलं. आयएफएरर काढून टाकला. दिसू देत एरर.

आता प्रिंट. झेरॉक्सवाला बंद, म्हणून घरच्या प्रिंटरवर काढायच्या ठरल्या तर लॅपटॉपला प्रिंटर सापडेना. इंटरनेट झकास चालू, प्रिंटरचं वायफायचं निळं लाइट चालू, तरी ऑफलाइन. प्रिंटर काढून परत जोडला, ड्रायव्हर टाकला, राउटर बंद-चालू केला, दीड तास गेला. वैतागून फोनवरून एक पान पाठवलं तर लगेच सर्रकन बाहेर. मग दोघांच्या वायफायची नावं शेजारी धरून पाहिली. लॅपटॉप नवीन करून आणला तेव्हा लेकाने त्याला गेस्ट वायफाय जोडून दिलेलं, कारण त्याचा पासवर्ड छोटा! गेस्टवाल्याला इंटरनेट मिळतं, घरातली बाकीची उपकरणं दिसत नाहीत, पाहुण्याला हॉलमध्ये बसवून आतलं दार लावून घ्यावं तसं. घरचं नेटवर्क जोडलं आणि छत्तीस पानं निघाली.

काकांचं बिल मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी तिथेच पेन्सिलीने बेरीज तपासली, बरोबर आली, तरी खाली बारीक टिक केली. माझ्या बिलात 28 रुपये व्याज होतं, ते त्याच संध्याकाळी भरले, आणि शीटमध्ये तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहिला, 6 जुलै. 6/7 लिहायची हिंमतच झाली नाही.