सोडतीत नंबर लागला, तरी

सरकारी तिजोरीतला पैसा खासगी शाळांना देण्याला माझा पूर्वीपासून विरोध आहे. तरीही २०२४ मध्ये धाकट्या मुलीसाठी मी शिक्षण हक्क कायद्याखालील खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा अर्ज भरला, हे आधीच कबूल करतो. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचे घर. पत्नीचा आग्रह होता, आणि माझे तत्त्व मुलीवर लादणे मलाच बरे वाटेना.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला आणि रहिवासाचा पुरावा जमवण्यात दोन आठवडे गेले. सर्वांत जिकिरीचे काम नकाशावर घराची खूण अचूक लावण्याचे, कारण शाळेचे अंतर तिच्यावरूनच मोजतात. एवढे करून यादी पाहिली, तर खासगी शाळा जवळजवळ गायब होत्या! एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट देणारी अधिसूचना ९ फेब्रुवारीला निघाली होती. माझ्या मताच्या माणसाला हे सोयीचेच वाटायला हवे होते. पण त्या अधिसूचनेने शासनाचा प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांचे शुल्क शाळांना भरून देण्याचा, खर्च टळणार होता, पालिकेच्या शाळेत एकही शिक्षक वाढणार नव्हता.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या अधिसूचनेला स्थगिती दिली, आम्ही अर्ज पुन्हा भरला, आणि १९ जुलैला ती अधिसूचना रद्द झाल्यावर सोडतीचा निकाल लागला. मुलीचा नंबर लागला होता.

शाळेच्या कार्यालयात शुल्क माफ असल्याचे सांगून बस, सहल, उपक्रम अशा खर्चांची वेगळी यादी हाती देण्यात आली. राज्य एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती देते, आणि तीही वेळेवर मिळत नसल्याची शाळांची तक्रार जुनीच आहे. शिवाय हा हक्क आठवीपर्यंतचा. नववीचे शुल्क आमच्या माथी. पालकांच्या हाती थेट शाळेचे शुल्क भरण्यासाठीचे सरकारी व्हाउचर द्यावे, असे सुचवणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की व्हाउचरची रक्कम सरकार ठरवणार आणि शुल्क शाळा ठरवणार असेल, तर मधली तफावत कोणी भरायची?

आम्ही ती जागा सोडली. पालिकेच्या शाळेत बाईंनी जन्मदाखला पाहून नाव लिहून घेतले आणि त्याच दिवशी मुलीला वर्गात बसवले. वर्गातला एक पंखा बंद होता, तो दिवाळीपर्यंत बंदच राहिला. पत्नीला माझा निर्णय अजून पुरता पटलेला नाही.