घडी मोडण्याआधी

नव्या साडीची घडी मोडायला आपल्याकडे निमित्त लागतं. सण, लग्न, निदान कुणाचं डोहाळजेवण. सिनेमाच्या जुन्या पोस्टरचं उलटं आहे. त्याची घडी जितकी वर्षं मोडली नाही तितकं ते मोलाचं.

कारण पोस्टर छापलं जायचं तेच मुळी भिंतीवर मरायला. खळीची बादली, कुंचा, दोन फटकारे, आणि चार आठवड्यांत त्याच्या उरावर दुसरा सिनेमा. राहिलेलं पाऊस बघायचा, खळ पिठाची असल्याने थोडंफार गाईही बघायच्या. आज हाती लागतं ते बहुतेक कधी भिंतीला लागलेलंच नसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाझ थिएटरच्या आवारात किंवा अशाच कुठल्या वितरकाच्या कचेरीत, गठ्ठ्यात दबून राहिलेला तो माल. गठ्ठा बांधायचा तर कागदाची घडी घालावीच लागे. म्हणून चोरबाजारात मटन स्ट्रीटवर चाळिशीच्या दशकातलं पोस्टर बिनघडीचं, गुळगुळीत, सुरळी करून ठेवलेलं दिसलं, तर आनंदाच्या आधी संशय यावा.

नेहमीचा आकार 30 बाय 40 इंच. तीनदा दुमडला की 10 बाय 15 चे आठ खण पडतात. बाहेरच्या बाजूला राहिलेला खण मागून जास्त तपकिरी होतो, कारण धूळ-उजेड त्यानेच सोसलेला असतो. आतले खण उजळ राहतात. घड्या एकमेकींना छेदतात तिथे कागद आधी विरतो, मग मुगाएवढं भोक पडतं. हे सगळं खरेपणाचं लक्षण. चहाच्या पाण्याने जुनं केलेला कागद आठही खणांत सारखाच पिवळा असतो, आणि तिथेच पकडला जातो.

नक्कल करणारे मूळ पोस्टरचा फोटो घेतात, घड्यांसकट. त्यामुळे घडी डोळ्याला दिसते, पण बोट फिरवलं तर लागत नाही. ही परीक्षा फुकटची, आणि दुकानदारासमोर करायला संकोच नको.

पुढची परीक्षा दहापट भिंगाची. शिळाछापाच्या पोस्टरमध्ये चित्रकाराचं मूळ चित्र छापखान्यातला दुसराच कलाकार दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूने पुन्हा काढायचा, प्रत्येक रंगासाठी वेगळं. (नायिकेचा चेहरा कधीकधी कुणाच्या तरी आत्येबहिणीसारखा दिसतो तो यामुळे.) भिंगाखाली त्याचा पोत रव्यासारखा, विस्कळीत दिसतो. ऑफसेटच्या छपाईत ठिपके रांगेत, शिस्तीत बसलेले असतात. नुसते ठिपके दिसले म्हणून पोस्टर खोटं ठरवू नये, साठीनंतरच्या अस्सल पोस्टरांतही ते असतात. खरी खूण तळाशी, छापखान्याच्या नावाच्या बारीक अक्षरांत. अस्सल पोस्टरमध्ये ती एकाच शाईची, कडा स्वच्छ. नकलेत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली आणि कडेला लव फुटल्यासारखी. माणूस चेहऱ्याकडे बघत बसतो आणि फसतो, म्हणून आधी तळ वाचावा.

तळाशी आणखी बरंच असतं. एखादा चित्रपट पाच-सात वर्षांनी पुन्हा लावला की पोस्टरही पुन्हा छापलं जाई, तेच चित्र, तीच नावं. ते बनावट नव्हे, पण पहिल्या छपाईचंही नव्हे, आणि भावात फार फरक. अशा वेळी पत्ता बघावा. पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे 4’ असेल तर काही सिद्ध होत नाही, पण ‘400 004’ असेल तर ते पोस्टर 1960 सालचं असूच शकत नाही, विकणारा कितीही शपथा घेवो. पूर्वी थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांना किमतीवरून जोखता येतं. दशमान नाणी आली 1 एप्रिल 1957 ला. आणे असतील तर बहुधा त्याआधीची, ‘नये पैसे’ असतील तर 1957 ते 1964 च्या आसपासची. चोपडीच्या पिना गंजलेल्या असतात. त्या उपसायच्या नाहीत, मागच्या बाजूने टोकं उभी करून अलगद काढायच्या आणि जागी सुती दोरा घालायचा.

नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्चही जवळ असावा. साबणात धुतलेला पांढरा सदरा त्या उजेडात जसा निळसर चमकतो, तसा कागद चमकला तर त्यात शुभ्रपणाची रसायनं आहेत, आणि ती कागदात रुळली 1950 नंतर. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं 1924 सालचं पोस्टर जपून राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत धरतात. त्या काळचं म्हणून कुणी चमकणारा कागद पुढे केला, तर चहा पिऊन उठावं.

घरी आणल्यावर घाई नडते. कोरडी घडी थेट उलगडली की वाळक्या पापडासारखी तडकते. आधी ओल्या बोळ्याने कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगाची परीक्षा घ्यावी. लाल बहुधा सगळ्यांत आधी पळतो. रंग टिकला तर झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर पोस्टर. पाणी कागदाला लागू द्यायचं नाही, फक्त दमट हवा. काही तासांत कागद मऊ पडतो. मग एकेक खण उघडून टिपकागदांच्या मध्ये, वर काच आणि वजन, दोन-तीन दिवस. पहिल्या दिवशी टिपकागद दोनदा बदलावेत, नाहीतर बुरशी धरते. मागचा वितरकाचा शिक्का आणि शाईने लिहिलेली थिएटरची तारीख पुसू नये. सेलोटेप लावू नये, त्याचा चीक तेलासारखा कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. गरम लॅमिनेशन म्हणजे तर जिवंत पुरणं. फ्रेम केलीच तर काच आणि कागद यांत फट ठेवावी, पावसाळ्यात चिकटलेलं पोस्टर काचेवरून सुटत नाही.

फाटलेल्या घडीला मागून जपानी कागदाची पट्टी लावतात, पातळ पण चिवट. ती चिकटवायला पोस्टरवाल्यांची मैद्याची खळ चालत नाही. पोस्टर चिकटवणारे आणि बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालत, आणि त्यातलं तांबं कागदाला जाळतं. लागतो तो गव्हाचा चीक. तोच, कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, निवळीवरचं पाणी ओतून द्यायचं. चोथ्यात चिकट भाग राहतो आणि खाली बसतं ते शुद्ध सत्त्व. एक भाग चीक, चार भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, हात न थांबवता. मीठ, हिंग, पापडखार काही नाही. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळून ताकासारखा पातळ करायचा. एका वेळी फार करून ठेवू नये, फ्रिजमध्येही तो चार-पाच दिवसांत आंबतो. उरलाच तर दूध-साखर घालून गरम गरम खाऊन टाकावा.