नंदीच्या शेपटीला लाल रेडियम

पोळा चार दिवसांवर आलाय आणि माझ्या रेडियम पट्ट्यांच्या दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांऐवजी लाकडी नंदी रांगेत उभे आहेत.

लेकरांचा लाकडी नंद्यांचा तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याचा. आदल्या दिवशी अमावस्या, म्हणजे आभाळात चंद्राचा पत्ता नाही, त्यात पावसाळी ढग. आमच्या सेलू तालुक्यात सात वाजले की पुढं डांबर आहे की खड्ड्यातलं पाणी, तेही कळत नाही. नेमक्या ह्याच वेळी गावातली लेकरं नंदी ओढत बोजारा, म्हणजे सणाची खुशाली, मागायला घरोघर निघतात. तिकडं मोठ्यांची पोळ्याची कर, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीचं खाणंपिणं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, कागदावर. त्या संध्याकाळी मोटारसायकली कशा झुलत जातात ते मी दरवर्षी गल्ल्यावर बसून पाहतो. वरून सिंदी रेल्वेचा मोठा तान्हा पोळा पाहून परतणारे, एकेका गाडीवर चौघं.

मागच्या वर्षी माझी आठ वर्षांची पोरगी रस्त्याच्या मधोमध होती. पलीकडचे काका दहाची नोट देतात अशी बातमी आली, की पोट्टे ह्या बाजूचं एक घर, त्या बाजूचं एक, असे उड्या मारत सुटतात. नंदीचं चाक खड्ड्यात अडकलं, नंदी आडवा झाला, ही उचलायला वाकली. बायकोनं दंडाला धरून ओढलं म्हणून बरं. नंदीचं शिंग आणि पुढचं चाक गेलं. मोटारसायकलवाला थांबला, थरथरत होता. "भाऊ, दिसलीच नाही जी."

राग आला होता. पण तो पिऊन नव्हता, आणि खोटंही बोलत नव्हता. गर्द निळा फ्रॉक, वाकलेलं लेकरू, डिपरचा उजेड जेमतेम चाकापुढं. साठच्या वेगाची गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. दुसऱ्या दिवशी दुकानापासून पानठेल्यापर्यंत टेप लावला, 34 मीटर भरले. तेवढं अंतर म्हणजे दोन सेकंद. त्यातला एक तर ब्रेक दाबेपर्यंतच संपतो.

ह्या वर्षी पोरीसाठी रिफ्लेक्टरचं जाकीट आणलं. "मी काय रोडवर काम करणारी हावो?" जाकीट कोपऱ्यात. पण नंदी सजवायला कोणतं लेकरू नाही म्हणेल? मग ट्रॉलीला लावतो तसंच चमकणाऱ्या पट्टीचं रेडियम नंदीला लावलं: कपाळाला पांढरं, पोटाला पिवळं, शेपटीखाली लाल. चाकांच्या फळीलाही, कारण उजेड आधी तिथंच पडतो.

आम्ही ह्याला रेडियम म्हणतो, त्यात रेडियम औषधालाही नसतं. पट्टी घेताना मात्र जवळून पाहा. मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी हवी. नुसतं चकचकीत रंगीत स्टिकर रात्री काळंच दिसतं. बायकोनं टॉर्च कमरेशी धरून नंदीवर मारली आणि म्हणाली, "कुठी चमकते?" टॉर्च डोळ्याशी धरायला लावली, तशी शेपूट पेटल्यासारखी लाल झाली. ही पट्टी उजेड जिथून आला तिकडंच परत पाठवते, त्यामुळं दिसते ती गाडीवाल्याला. बाजूला उभ्या माणसाला नाही.

गल्लीतल्या आयांनी ह्या वेळी वाटही ठरवली आहे. आधी एका बाजूची सगळी घरं, मग मारुतीच्या देवळापाशी खांबावर दिवा आहे तिथं एकदाच रस्ता ओलांडायचा, मोठं माणूस पुढं. चालायचं उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं. दहाच्या नोटेवाले काका शेवटी. ह्यावरून पोट्ट्यांनी बराच दंगा केला.

काल रात्रीपर्यंत अकरा नंदी झाले. पोरगी शेजारी बसून कागद सोलून देत होती. शेवटच्या नंदीला लाल लावलं तशी स्वतःच्या पाठीकडं मान वळवून म्हणाली, "बाबा, मंग माह्या मागं लाल कुठी आहे?"

दोन्ही वेण्यांच्या रिबिनींना लावून दिलं. चपलेच्या टाचांनाही. आता घरात दिवा घालवून सगळ्यांना टॉर्च डोळ्याशी धरायला लावते आहे.